सगळ्यांचं कासव झालं

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रागवायचं नाही.

कॉलेज सुटलं ते माझ्या रागामुळे, असं घरात सगळे धरून चालतात. साफ चूक. कॉलेज सुटलं नाही, मी सोडलं. आणि तेही तत्त्वासाठी. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल न उघडताच वर 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला. मी ते शांतपणे फाडलं आणि तुकडे त्यांच्या टेबलावर नीट रचून ठेवले. यात राग कुठे आला? नीटनेटकेपणा आला.

असो. बाबांची अट अशी: या महिन्याच्या अखेरीस ऑफिसने कायम केलं तर ठीक. नाही केलं तर मुकाट कॉलेजात परत. तेच सर, तेच जर्नल, पहिल्या पानापासून. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणाले, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्याला वर तरी काढतात नाहीतर खाली तरी, तिथेच संसार मांडून देत नाहीत. आईला हसू आवरेना. मी रागावलो नाही. फक्त जेवता जेवता उठलो आणि दार जरा जोरात लागलं.

कायम तर मी होणारच. झालो की त्याच दिवशी ऑफिसातल्या तिला सांगून टाकणार. आधी नाही. तात्पुरत्या माणसाने असल्या कायमच्या गोष्टी बोलू नयेत.

३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोठा झाल्यावर सुरुवात कुठून झाली ते आठवेल.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास, तो कपड्यांना लागून घरापर्यंत येतो. आम्ही चौघं. मॅडम, म्हणजे मालकीण. त्या कधी बसत नाहीत, उभ्या उभ्याच निर्णय घेतात. दुसरे आजोबा, म्हणजे माझा सीनियर. वय चौतीस. पण मानेला पट्टा, टेबलावर गरम पाण्याची बाटली आणि प्रत्येक वाक्याआधी एक सुस्कारा, म्हणून आजोबा. तिसरा मी.

आणि ती. ती टेस्टर आहे. आम्ही प्रोग्राम लिहितो आणि ती मोडून दाखवते. ऑफिसात तिला चाळणी म्हणतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी आजोबांचा मानेचा पट्टाच धरणार होतो. मग कळलं, नाव तिनेच स्वतःला ठेवलंय. तेव्हापासून मलाही ते गोड वाटतं. इथे मात्र मी 'ती'च लिहिणार.

तिचं टेबल भिंतीकडे, माझं खिडकीकडे. मध्ये प्रिंटर. तो हटवण्याबद्दल मॅडमशी बोलायला हवं.

सध्याचं काम जनावरांच्या दवाखान्याचं. आलेल्या प्राण्याची नोंद, उपचार, आणि संध्याकाळी पाळणाऱ्यांना आठवणीचा मेसेज. पाळणारी माणसं आजोबांकडे, जनावरं माझ्याकडे. मॅडम म्हणाल्या, स्वभाव बघून वाटणी केलीय. मी थँक्यू म्हणालो.

४ सप्टेंबर, बुधवार

आज तिच्याकडून तीन बग आले, म्हणजे माझ्या कोडमधल्या तीन चुका. आजोबांना एकही नाही. तिचं लक्ष कुणाकडे असतं हे आता मी सांगायला नको.

शिवाय भाषा. आजोबांना ती लिहिते, 'कृपया पाहावे.' मला लिहिलं, 'मांजराचं वय उणे चार येतंय. पुन्हा बघ.' पाहावे आणि बघ यांत किती अंतर आहे! हे अंतर सहज कापलं जात नाही.

उणे चार अजून दुरुस्त केलेलं नाही. राहू दे एखादा दिवस.

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी, जेवणानंतर

कोडमधल्या सेल्फ या शब्दाशी माझं जमणार नाही.

प्रकार असा आहे. आधी एक साचा लिहायचा, त्याचं नाव 'प्राणी'. साच्यात सांगायचं की प्राण्याला नाव असतं, वय असतं, आजार असतो, आणि त्याला आपली नोंद करता येते. मग त्या साच्यातून हवे तितके प्राणी काढायचे. इथवर कुणाचीच हरकत नाही. पण साच्यात प्राणी जिथे जिथे आपल्या कशाबद्दल बोलेल तिथे तिथे आधी सेल्फ. सेल्फचं नाव, सेल्फचं वय, सेल्फचा आजार. म्हणजे माझं, माझं, माझं. एका पानावर मोजायला गेलो आणि कंटाळून सोडून दिलं. कुत्र्यामांजरांनी एवढा तोरा का मिरवावा? मी माझ्याबद्दल बोलताना असं दर वाक्याला मी मी करतो का?

आजोबांना विचारलं. ते सुस्कारले. म्हणाले, अरे बाबा, साचा एकच असतो ना. तो लिहिताना तुला कुठे ठाऊक असतं त्यातून उद्या कोण निघणार आहे ते? म्हणून तिथे नाव घालत नाहीत, सेल्फ घालतात. जो बोलेल तो. टायगर कुत्रा बोलला की सेल्फ म्हणजे टायगर. चिंगी मांजर बोलली की सेल्फ म्हणजे चिंगी.

मी म्हणालो, पण शब्द तर एकच. मग मशीनला कळतं कसं?

ते म्हणाले, तुझ्या घरात फोनवर 'मी बोलतोय' असं तूही म्हणतोस आणि तुझे बाबाही म्हणतात. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो का?

मी म्हणालो, होतो. आमचा आवाज सारखा आहे.

आजोबांनी पट्टा सैल केला आणि गरम पाणी प्यायले.

संकल्प: माझ्या कोडमध्ये सेल्फ कमीत कमी. जमलं तर शून्य. स्वच्छ, नम्र कोड.

९ सप्टेंबर, सोमवार

नम्र कोडला नम्रपणे वागवायची या मशीनला सवय नाही. साच्यातून सेल्फ काढलं, टायगरला म्हणालो नोंद कर, तर लाल अक्षरांत उत्तर: याला काहीच द्यायचं नव्हतं, तुम्ही एक दिलंत.

मी काहीही दिलेलं नाही! कंसात बघा, कंस रिकामा आहे. पाच वेळा चालवलं, पाचही वेळा तोच आरोप. न केलेल्या गोष्टीचा आरोप मला सहन होत नाही, कॉलेजातही झाला नव्हता. कीबोर्डवर हात जरा जड पडला. एंटरचं बटण उडून मॅडमच्या चपलेपाशी गेलं. मॅडमनी ते उचललं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजोबा म्हणाले, अरे, ते जे एक दिलं गेलं ना, तो टायगरच आहे. तू टायगरला सांगितलंस नोंद कर, की पायथन, म्हणजे आपण कोड लिहितो ती भाषा, गुपचूप टायगरलाच उचलून आत नेऊन देते. आत सेल्फ म्हणून जागा ठेवलेली असते ती त्याच्यासाठी. तू जागाच काढून टाकलीस. कुत्र्याने बसायचं कुठे?

मला न विचारता कुणालाही आत नेऊन बसवतात, हे मला मान्य नाही. तसं सांगितलं. ते म्हणाले, भाषेच्या कर्त्यांना कळवतो.

१० सप्टेंबर, मंगळवार

जिंकलो!

एकदम सोपं आहे. प्राण्याला विचारायचंच नाही, थेट साच्याला सांगायचं. टायगरचं नाव टायगरवर लिहीत बसण्याऐवजी साच्यावरच लिहून टाकायचं. 'प्राणी'चं नाव टायगर, 'प्राणी'चं वय सहा. साच्यालाच म्हणायचं, नोंद कर. मधला माणूस काढून टाकला. मधला कुत्रा म्हणा. लाल अक्षरं गेली. टायगर नोंदवला, टायगर उघडला, टायगरच आला.

सगळ्या फाइलमध्ये एकही सेल्फ नाही. आजोबांना दाखवणार होतो, पण ते मानेच्या व्यायामाला लवकर गेले. बरंच झालं, एवढी वर्षं फुकट सेल्फ लिहिल्याचं त्यांना वाईट वाटलं असतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

महत्त्वाचा दिवस. सगळं जसंच्या तसं लिहितो.

चहाच्या वेळी ती आजोबांना सेल्फबद्दल विचारत होती. टेस्टरला याची काय गरज? गरज अशी की मी सध्या त्यावर काम करतोय. आपल्या माणसाचं काम समजून घ्यावंसं वाटतंच. आजोबांनी टायगर-चिंगी पुन्हा सांगितलं. तिला एकदाच ऐकून कळलं. म्हणाली, म्हणजे प्रत्येकजण मीच म्हणतो, पण प्रत्येकाचा मी आपापला. असं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ आहे हे खरं, पण घड्याळाकडे कुणी एवढा वेळ पाहत नाही.

पुढचं जास्त महत्त्वाचं. कप विसळताना आपण होऊन म्हणाली, एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, महिनाअखेरीला मॅडमशी बोलणार आहे. मी विचारलं, कशाबद्दल? ती म्हणाली, आत्ता नको, आधी माझी तयारी होऊ दे. आणि हसली.

काय समजायचं ते समजलो. एकाच ऑफिसातली दोघं म्हटल्यावर मॅडमच्या कानावर घालणं रीतीला धरून आहे. किती सरळ मुलगी! मी फक्त म्हणालो, माझीही तयारी चालू आहे. ती म्हणाली, कसली? मी हसलो. तिनेही समजून घेतलं असावं, कारण पुढे काही विचारलं नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तिच्याकडून बग. 'आधी टायगर नोंदवला. मग चिंगी नोंदवली. टायगर उघडला तर चिंगी दिसते. चिंगी उघडली तरी चिंगीच. गंभीर.'

मी तिच्या टेबलाशी गेलो. (प्रिंटरला वळसा घालून. तो हटवायलाच हवा.) म्हणालो, एकापाठोपाठ एक इतक्या घाईने दोन कशाला नोंदवायचे?

ती म्हणाली, का, त्या दवाखान्यात दिवसाला एकच जनावर येतं?

मी म्हणालो, टायगर बरोबर नोंदवला जातो, ते तू लिहिलंच नाहीस. चांगलं कधीच लिहीत नाहीस.

ती म्हणाली, चांगलं लिहायला ठेवलं असतं तर माझी नोकरीच नसती. जा, दुरुस्त कर, नाहीतर सगळ्या गावाला चिंगी करून ठेवशील.

मला राग आला होता, पण 'जा' असं ज्या हक्काने म्हणाली, त्याने तो तिथेच विरघळला.

१६ सप्टेंबर, सोमवार

तिच्या ताईला मुलगी झाली. ती आठवडाभर रजेवर. निघताना पर्स खांद्याला लावून खास माझ्याकडे आली. म्हणाली, तो चिंगीचा बग सुटल्याशिवाय हे पुढे जाऊ देऊ नकोस हं, मी आल्यावर बघते.

मी आल्यावर बघते! दिवसभर हेच कानात. काम झालं नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्याचा जुना कॉम्प्युटर गचकला. डॉक्टरबाईंचा मॅडमना फोन, आमचं नवं लगेच बसवून द्या. मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या. म्हणाल्या, गुरुवारी बसवायचं, तुझ्या नावावर एक गंभीर बग उघडा दिसतोय, तो बंद झाला की माझ्या बाजूने तुझं कायम झालंच समज.

झालंच समज! ती आठवड्याने परत येईल तेव्हा मी कायम असेन. ती महिनाअखेरीला मॅडमशी बोलणार, त्याआधीच माझ्या बाजूचं सगळं तयार. तिला केवढं आश्चर्य वाटेल.

राहिला बग. आज बसतोच.

१८ सप्टेंबर, बुधवार

बग नाहीच आहे! पद्धतशीर तपासलं. टायगर नोंदवला, प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. चिंगी नोंदवली, बंद केला, पुन्हा उघडला. टायगर टायगर, चिंगी चिंगी. दोष तिच्या घाईचा होता. मध्ये श्वास घ्यायला हवा, माणसानेही आणि प्रोग्रामनेही.

आता एक छोटी अडचण. आमच्या फळ्यावर तिच्याच अक्षरात नियम आहे: बग ज्याने उघडला त्यानेच बंद करायचा. लिहिणाऱ्याने आपला आपण बंद करायचा नाही. नियम चांगला आहे, परक्या लोकांसाठी. पण ती तिकडे ताईच्या बाळाचे लंगोट बदलतेय, तिला फोन करून त्रास द्यायचा का? तिचं ओझं मी उचललं तर त्यात गैर काय? मी बंद केला. शेरा लिहिला: 'तपासलं. काही नाही.' तिला बरं वाटेल.

आजोबा विचारत होते, चिंगीचं काय झालं? मी म्हणालो, बरी आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बसवून आलो. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर एक ससा नोंदवला. ससा आला. त्या म्हणाल्या, वा. मी म्हणालो, यात विशेष काही नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्याचा पूर्ण दिवस जाऊ दे, मग बोलू. मोठ्या लोकांना पटकन कौतुक करता येत नाही.

तिला काय बोलायचं त्याचा मसुदा मनात तयार. पहिलं वाक्य जमत नाहीये. बाकी सगळं जमलंय.

२० सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी

काहीतरी झालंय. मॅडमचा फोन. एवढंच म्हणाल्या, कासव.

२१ सप्टेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

काल दिवसभर दवाखान्यात प्राणी येत राहिले. डॉक्टरबाईंची मदतनीस एकामागून एक नोंदवत राहिली. मध्ये कुणी बंद केलं नाही, उघडलं नाही. मी त्यांना सांगायला हवं होतं, श्वास घ्या. शेवटी एक कासव आलं. त्याचं नाव बुलेट, कवचाला तडा. माझ्या साच्यावर शेवटचं लिहिलं गेलं ते बुलेट. त्यामुळे दिवसभरात नोंदवलेले सगळे बुलेट झाले. कुत्रे बुलेट, मांजरं बुलेट, ससा बुलेट. सगळे कासव, सगळ्यांच्या कवचाला तडा.

मग मेसेज गेले. माणसांचे फोन नंबर मात्र सगळे बरोबर, कारण तो भाग आजोबांचा. त्यांच्याकडे ओळीओळीला सेल्फ आहे. त्यामुळे प्रत्येकाला बिनचूक आपापल्या फोनवर आलं: 'तुमच्या बुलेट या कासवाच्या कवचाचं ड्रेसिंग उद्या सकाळी. आणण्यापूर्वी कोमट पाण्यात बसवावे.'

आज सकाळी मॅडमनी मला तिकडे नेलं.

बाकांवर जागा नव्हती. खांद्यावर पोपट घेतलेल्या एक आजी डॉक्टरबाईंना पुन्हा पुन्हा विचारत होत्या, माझ्या राघूचं नाव काढलं का हो तुम्ही? पोपट खांद्यावर जिवंत होता, पण त्यांना आता खात्री वाटत नव्हती. एक पोरगेलासा बाप मुलीला समजावत होता की आपला कुत्रा कासव होणार नाही. ती म्हणत होती, पण डॉक्टरांनी लिहिलंय. आणि एका माणसाने खरंच सूचना पाळली होती. त्याने मांजराला कोमट पाण्यात बसवलं होतं. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. मांजर कुठे आहे असं मी विचारलं. तो म्हणाला, कपाटावर, कालपासून.

खरं भयंकर नंतर ऐकलं. आज सकाळी एक म्हातारा लॅब्रेडॉर गाठ काढायला आला. स्क्रीनवर त्याचं वजन कासवाचं होतं. औषधाचं प्रमाण स्क्रीनवरच्या वजनावरून निघतं. त्या कुत्र्याला भुलीचा तेवढासा थेंब पुरला नसता, आणि चिरताना तो जागा राहिला असता. डॉक्टरबाईंनी ऐन वेळी स्क्रीनवरची नजर काढून टेबलावर टाकली, म्हणून निभावलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. हातमोजे काढले आणि म्हणाल्या, मुला, उलटं झालं असतं तर? इथे बुलेट असता आणि स्क्रीनवर हा कुत्रा असता तर?

मी पाळणाऱ्यांच्या नंबरांची यादी मागून घेतली.

दिवसभर तिथे एका स्टुलावर बसून एकेकाला फोन केले. तुमच्याकडे नक्की कोणतं जनावर आहे, असं विचारलं. तिघांनी ठेवून दिला. एक बाई म्हणाल्या, तुमच्याकडे कोणतं आहे ते आधी सांगा.

२२ सप्टेंबर, रविवार

रविवार. अंथरुणातून उठलो नाही. आई दोनदा कपाळाला हात लावून गेली. ताप नाही म्हणाली. निराशाच झाली.

२३ सप्टेंबर, सोमवार

ती आली. पेढ्यांसारखं काहीतरी घेऊन हसत येईल, बाळाचे फोटो दाखवेल, असं वाटलं होतं. ती थेट मशीनवर बसली. आधी कासवाचं सगळं वाचलं. मग बगच्या नोंदींत मागे मागे जात अठरा तारखेला पोचली. मला प्रिंटरच्या वरून फक्त तिचे केस दिसत होते, पण पोचली ते कळलं.

मी गेलो. म्हणालो, कोडमध्ये एक बारीक चूक राहिली.

ती म्हणाली, कोड चुकतोच रे, त्याचं काही नाही. पण तो बग मी उघडला होता.

मी म्हणालो, तुला त्रास नको म्हणून.

ती म्हणाली, मला त्रास कशाचा होतो हे तू कुणाला विचारलंस?

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. तेवढं मला येतं. ती अगदी हळू बोलत होती. मग म्हणाली, ते 'तपासलं, काही नाही' मॅडमनी माझं म्हणून वाचलं. त्यांना वाटलं चाळणीतून गेलंय. म्हणून त्यांनी पुढे जाऊ दिलं.

मी जागेवर येऊन बसलो. तिला राग आलेला नाही असं आधी लिहिणार होतो. आला असावा.

२५ सप्टेंबर, बुधवार

मॅडमनी माझा भाग तिला दुरुस्त करायला दिला. टेस्टरला! आजोबा म्हणाले, तिला येतं, गेले चार महिने रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून शिकतेय, तुला दिसलं नाही का?

मला वाटायचं ती त्यांच्या मानेची चौकशी करतेय.

दिवसभर ती भराभर टाइप करत होती. एकदा पाणी प्यायला जाताना तिच्या स्क्रीनवर नजर टाकली. सेल्फ, सेल्फ, सेल्फ. वरपासून खालपर्यंत. आपली फाइल ओळखूच आली नाही.

यातही एक चांगली बाजू आहे. माझ्या कोडला तिचा हात लागतोय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज ती मॅडमच्या खोलीत गेली. दार बंद. बराच वेळ. एवढं सगळं होऊनही तिने ठरवलेलं टाळलं नाही, म्हणून मला भरून आलं. पहिलं वाक्यही अचानक सुचलं.

बाहेर आली ती चेहरा फुललेला. म्हणाली, बोलले एकदाची. मी विचारलं, मग? म्हणाली, मॅडम हो म्हणाल्या.

तेवढ्यात ती आपली खुर्ची ढकलत, प्रिंटरला वळसा घालून, माझ्या टेबलाकडे यायला लागली. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं. मी घाईघाईने माझी खुर्ची खिडकीला चिकटवली. दोघांना पुरेल एवढी जागा केली.

ती म्हणाली, सरकू नकोस, ऊठ.

प्रोग्रामरची जागा तिला मिळाली. चार महिन्यांपासून तिला तीच हवी होती. टेस्टरची जागा रिकामी झाली. मॅडम उभ्या उभ्या मला म्हणाल्या, तुला हवी असेल तर घे. कायम नाही, आणखी एक महिना बघू. चुका कुठे होतात ते तुझ्याइतकं कुणाला कळणार?

आजोबांनी माझा ड्रॉवर रिकामा करायला मदत केली. सुस्कारले नाहीत. तेच जास्त लागलं.

मसुदा बोललो नाही. वेळ तशी नव्हती.

२८ सप्टेंबर, शनिवार

बाबांना सांगितलं, खातं बदललंय. त्यांनी विचारलं, काम काय? म्हणालो, दुसऱ्यांच्या चुका शोधणं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मग जमेल त्याला, लहानपणापासून तेच करतोय. बाबांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, बरं, आणखी एक महिना. मग कॉलेज.

मी रागावलो नाही. खरंच नाही. काही येतच नव्हतं.

पण झोपण्याआधी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं, की झालं ते वाईट नाही. आता ती कोड लिहिणार आणि मी बग पाठवणार. रोज. म्हणजे बोलणं आलंच. गंभीर बगला तर समोरासमोरच बोलावं लागतं. 'कृपया पाहावे' लिहायचं की 'बघ', ते सोमवारी ठरवू.

३० सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी

तिच्या कोडवर पहिला दिवस. भिंतीकडे तोंड.

सकाळी टायगर आणि चिंगी, एकामागून एक, मध्ये श्वास न घेता. टायगर टायगरच. चिंगी चिंगीच. मग एकदम चाळीस प्राणी. वय उणे टाकून पाहिलं. नाव रिकामं टाकून पाहिलं. कुत्र्याला पोपटाचं औषध लिहून पाहिलं, तर मशीनने नम्रपणे नको म्हटलं. जेवायला गेलो नाही.

दुपारी शेवटचा उपाय. दोन कासवं नोंदवली. दोघांचं नाव एकच, वय एकच, दोघांच्याही कवचाला त्याच जागी तडा. एकाला बरं केलं. दुसरं उघडून पाहिलं. ते आजारीच होतं. बरोबर.

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

पाच वाजता प्रिंटरच्या पलीकडून तिने विचारलं, काही सापडलं का?

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, छान.

बहुधा कोडला म्हणाली.